एवढ्याशा बर्फात हिमस्खलन होतंच कसं?

दरवर्षी हिवाळा नुकता लागलेला असतो. डोंगर अजून अर्धे काळेच दिसतात, बर्फातून गवताची टोकं डोकावत असतात, स्कीइंगची केंद्रं उघडलेली नसतात. तेवढ्यात बातमी येते की हिमस्खलनात स्कीअर गाडला गेला. वाचणाऱ्याला कळेनासं होतं. हिमस्खलन म्हटलं की ऐन हिवाळ्यातले पुरुषभर साचलेले थर डोळ्यांसमोर येतात. मांडीपर्यंतसुद्धा बर्फ नसताना माणूस गाडला कसा जातो?

या बातम्यांतले बरेचसे लोक बॅककंट्री स्कीइंग करणारे असतात. केंद्राने राखलेले उतार सोडून मोकळ्या डोंगरात आपल्या पायांनी चढायचं आणि अस्पर्श बर्फावरून खाली यायचं, असा हा प्रकार. तिथे धोक्याचे उतार स्फोटकांनी आधीच मोकळे करून ठेवणारं पथक नसतं. कुठे जायचं आणि कुठून मागे फिरायचं, हे ज्याचं त्यानेच ठरवायचं. सुरुवातीच्या आठवड्यांत या निर्णयांचा घात करणारी एक समजूत आहे: बर्फ थोडा, म्हणजे धोकाही थोडा. माझ्या मते या समजुतीइतकं घातक दुसरं काही नाही. कारण या दिवसांतला धोका बर्फ कमी आहे म्हणूनच तयार होतो.

आधी हिमस्खलन म्हणजे काय ते पाहू

हिमस्खलनाचे ढोबळमानाने दोन प्रकार. एकात सुटा, भुसभुशीत बर्फ एका बिंदूपासून घसरू लागतो आणि खाली जाताना पंख्यासारखा पसरतो. दुसऱ्यात बर्फाचा अख्खा एकसंध तुकडा एकदम सुटतो. या तुकड्याला स्लॅब म्हणतात. जीव घेणारी बहुतेक हिमस्खलनं स्लॅबचीच असतात.

स्लॅब सुटायला चार गोष्टी जुळाव्या लागतात. वर एकमेकांना धरून असलेला बर्फ, त्याखाली कच्चा थर, घसरायला पृष्ठभाग आणि पुरेसा तीव्र उतार. तीव्र म्हणजे साधारण ३० ते ४५ अंश. स्लॅबची सर्वाधिक हिमस्खलनं ३८ अंशांच्या आसपासच्या उतारांवर होतात, आणि स्कीइंगला सर्वात मजेदार वाटणारे उतारही नेमके तेवढेच असतात.

पाचवी गोष्ट म्हणजे धक्का. डोंगरात फिरायला गेलेल्यांच्या जीवघेण्या अपघातांपैकी सुमारे ९० टक्के घटनांत तो स्लॅब अडकलेल्या माणसाने किंवा त्याच्याच सोबत्याने सोडवलेला असतो. म्हणजे बहुतेक वेळा आपणच त्याच्यावर पाय ठेवतो. हे ऐकून भीती वाटते, पण त्यात दिलासाही आहे: आपण गेलो नसतो तर तो बहुधा सुटलाही नसता.

थंडीने बर्फ पक्का होत नाही का?

इथेच सगळी मेख आहे. थंडीत बर्फ घट्ट होत जातो असं आपण धरून चालतो. पातळ थरात मात्र नेमकं उलटं घडतं.

जमिनीत उन्हाळ्याची ऊब साठलेली असते, त्यामुळे बर्फाच्या तळाचं तापमान बहुतेक ठिकाणी शून्याच्या आसपास राहतं. वरचा पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री आपली उष्णता थेट आकाशात सोडतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही बराच गार होतो. आता आकडे घालून पाहा. समजा बर्फ ४० सेंटिमीटर आहे, तळाला ० अंश सेल्सिअस आणि वर उणे १२. म्हणजे दर १० सेंटिमीटरला ३ अंशांचा फरक. त्याच रात्री २ मीटर जाड बर्फ असता, तर हाच फरक दर १० सेंटिमीटरला फक्त ०.६ अंश राहिला असता. हिमतज्ज्ञ वापरतात तो ढोबळ आडाखा असा: दर १० सेंटिमीटरला १ अंशाहून जास्त फरक असेल, तर बर्फ आतून कच्चा व्हायला लागतो.

याचं कारण वाफ. खालच्या उबदार कणांतून पाण्याची वाफ निघते, कणांमधल्या मोकळ्या जागेतून वर सरकते आणि वरच्या गार कणांवर गोठते. फरक थोडा असेल तर हे सावकाश चालतं, कण गोलसर होतात आणि जिथे टेकतात तिथे एकमेकांना चिकटतात. फरक मोठा असेल तर वाफ भराभर वाहते आणि कणांना सपाट बाजू, टोकदार कडा फुटतात. हे पैलूदार कण एकमेकांना जेमतेम स्पर्श करतात, धरून ठेवत नाहीत. अगदी तळाशी ते आणखी वाढतात, आतून पोकळ आणि पेल्याच्या आकाराचे होतात. आठ-दहा निरभ्र, गार रात्री मिळाल्या की पातळ थराचा बराचसा भाग असा सुटा होऊन बसतो.

हे डोळ्यांनी पाहता येतं. जमिनीपर्यंत एक खड्डा खणा आणि त्याची एक भिंत फावड्याने सरळ कापून घ्या. आता हातमोजा घातलेल्या हाताची मूठ वरपासून खालपर्यंत भिंतीवर दाबत जा. वरचा, वाऱ्याने बसवलेला थर मुठीला दाद देत नाही, तिथे एखादं बोट किंवा पेन्सिलच आत शिरते. मग अचानक, काही जोर न लावता, मूठ मनगटापर्यंत आत जाते. तिथले कण हातात घेतले तर रवाळ, खरखरीत लागतात आणि उन्हात चमकतात. कितीही दाबा, त्यांचा गोळा होत नाही, बोटांच्या फटींतून गळून जातात. वर घट्ट आणि खाली सुटा, ही मांडणी दिसली की त्या उताराबद्दल दुसरं मत घ्यायची फारशी गरज उरत नाही.

पण पहिला बर्फ तर वितळूनच जातो ना?

सगळीकडे नाही. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर ऊन पडतं आणि ऑक्टोबरचा बर्फ बहुतेक ठिकाणी निघून जातो. उंचावरच्या, उत्तरेकडच्या, सावलीतल्या घळींत आणि खोलगट जागांत तो टिकतो. टिकतो आणि रात्रीमागून रात्र कच्चा होत जातो. मग नोव्हेंबरमध्ये पहिला मोठा हिमपात होतो. उघड्या जमिनीवर पडलेल्या नव्या बर्फाखाली जुना कच्चा थर नसतो, सावलीतल्या उतारांवर मात्र तो थेट त्या सुट्या कणांवर पडतो.

आता स्कीअरच्या जागी उभं राहून विचार करा. सगळा उन्हाळा वाट पाहिली आहे. कुठे जाणार? जिथे दगड झाकण्याइतका बर्फ आहे तिथे, म्हणजे त्याच सावलीतल्या उंच घळीत. या काळात स्की करण्याजोगा बर्फ आणि कच्चा थर एकाच जागी सापडतात. जिथे बर्फ 'चांगला' दिसतो, तिथे तो आधीपासून का टिकून आहे, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

आणखी एक कच्चा थर वरून तयार होतो. शांत, निरभ्र, दमट रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर गोठलेलं दव जमतं, पिसासारखे पातळ, लखलखणारे स्फटिक. सकाळी ते फार सुंदर दिसतात. त्यांच्यावर ताजा बर्फ पडला की ते नजरेआड होतात, पण आत उभेच्या उभे राहतात.

एक माणूस एवढा मोठा उतार कसा हलवतो?

पत्त्यांचे शेकडो छोटे बंगले शेजारी शेजारी, एकमेकांना लागून उभे केले आहेत आणि त्यांच्यावर एकच मोठी काच ठेवली आहे असं समजा. काचेच्या एका कोपऱ्यावर बोट दाबलं की खालचा एक बंगला बसतो. त्याचा भार शेजारच्यावर येतो, तोही बसतो, आणि बघता बघता सगळी रांग जाते. कच्च्या थरात असंच होतं. स्कीच्या भाराने एका जागचे कण कोसळतात, वरचा स्लॅब किंचित खाली बसतो, आणि तो दाब पुढच्या कणांना मोडत जातो. हा तडा सेकंदाला २० मीटर किंवा त्याहूनही जास्त वेगाने पळतो. उतार पुरेसा तीव्र असेल तर वरचा स्लॅब सुटतो.

सपाटीवर चालतानाही हे घडू शकतं. पायांखाली 'धप्प' असा खोल, घुमणारा आवाज येतो, पाऊलभर अंतरावरचं झुडूप हलतं, कधी बर्फात लांबलचक भेग पडत जाते. स्कीअर या आवाजाला 'वूम्फ' म्हणतात. सपाटीवर स्लॅबला घसरायला जागा नव्हती, एवढंच. पण तोच तडा शेजारच्या तीव्र उताराखाली पोचला, तर दूर उभ्या असलेल्या माणसाच्या पावलानेही वरचा उतार सुटू शकतो. म्हणून उताराच्या पायथ्याशी थांबून विसावणंसुद्धा निर्धोक नाही.

बर्फाचा पातळपणा इथे पुन्हा आडवा येतो. स्कीअरच्या वजनाचा दाब बर्फात जसजसा खोल जातो तसतसा पसरून विरतो. कच्चा थर मीटरभराहून खोल असेल तर एकट्या माणसाचा भार तिथवर सहसा पोचत नाही. हंगामाच्या सुरुवातीला तो ३० किंवा ५० सेंटिमीटरवर असतो, म्हणजे अगदी पायाखाली. खडकाजवळ आणि बुडालेल्या झुडपांभोवती तर त्याहूनही वर.

वजनाचाही हिशेब करू. ४० मीटर रुंद, ५० मीटर लांब आणि ४० सेंटिमीटर जाड असा स्लॅब म्हणजे डोंगराच्या मानाने अगदीच छोटा तुकडा. त्यात ८०० घनमीटर बर्फ असतो. एका घनमीटरचं वजन २०० किलो धरलं तरी १६० टन झाले.

हिमपात तर फारसा झालाच नाही

आकाशातून किती पडला, हा अर्धाच प्रश्न. उरलेला अर्धा वाऱ्याचा. वारा डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उचलतो आणि धारेच्या पलीकडे, आडोशाच्या बाजूला नेऊन टाकतो. आकाशातून पडणाऱ्या बर्फापेक्षा दहापट वेगाने तो असा साचू शकतो. त्यामुळे हवामानखात्याच्या नोंदीत १५ सेंटिमीटर आणि धारेखालच्या घळीत मीटरभर, असं सहज होतं. शिवाय वाऱ्यात कण फुटून बारीक होतात आणि घट्ट बसतात, म्हणजे आयता स्लॅब तयार. वारा येतो त्या बाजूची धार उघडी पडलेली आणि पलीकडे गुळगुळीत, फुगीर गादी दिसली, की वारा कुठून आला आणि काय करून गेला ते समजतं.

काल तिथून लोक गेले, काही झालं नाही

हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे, आणि ते म्हणणारी माणसं बेफिकीर नसतात. उतारावरच्या खुणा पाहून धीर येणं स्वाभाविक आहे. पण कच्चा थर सगळीकडे सारखा नसतो, आणि त्याच्यावरचा बर्फही सारखा जाड नसतो. कालचे चौघे जिथून गेले तिथे स्लॅब जाड असेल आणि त्यांचा भार खाली पोचला नसेल. पाचवा माणूस दोन हात बाजूने, एका बुडालेल्या खडकावरून जातो आणि नेमक्या पातळ जागी दाब देतो. आधीच्या खुणांवरून एवढंच कळतं की त्या जागी, त्या वेळी काही झालं नाही.

बर्फ पडून आठवडा झाला, आता बसला असेल

नव्या बर्फातली आतली अस्थिरता बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत कमी होते, हे खरं. पैलूदार कणांना किंवा पुरलेल्या गोठलेल्या दवाला मात्र हा नियम लागू नाही. ते आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही तसेच राहतात. ऑक्टोबरच्या बर्फाने जानेवारीत माणसं मारल्याच्या घटना म्हणूनच घडतात. अशा थरांची आणखी एक वाईट खोड म्हणजे ते खुणा देणं बंद करतात. सुरुवातीला वूम्फ ऐकू येतात, भेगा पडतात, आजूबाजूचे उतार सुटलेले दिसतात. नंतर सगळं शांत होतं, पण थर तसाच असतो.

धोक्याची पातळी तर मधलीच आहे

युरोपात १९९३ पासून आणि आता उत्तर अमेरिकेतही हिमस्खलनाचा धोका पाच पातळ्यांत सांगतात. तिसरी पातळी आकड्याने मधली दिसते, म्हणून लोक ती 'ठीकठाक' समजतात. प्रत्यक्षात तिचा अर्थ असा, की आपोआप हिमस्खलन होण्याची शक्यता आहे आणि माणसाच्या भाराने होणं संभाव्य आहे. दुसऱ्या पातळीवरही माणसाच्या भाराने हिमस्खलन शक्य असतं. चौथ्या-पाचव्या पातळीला बरेच लोक घरीच थांबतात. तिसऱ्या पातळीला ते बाहेर पडतात, म्हणून मृत्यूंचा मोठा वाटा याच पातळीवर दिसतो.

सुरुवातीच्या आठवड्यांत याहून मोठी अडचण असते. अनेक ठिकाणी रोजचा इशारा अजून सुरू झालेला नसतो, निरीक्षकांच्या नोंदी तुरळक असतात. इशारा दिसत नाही याचा अर्थ धोका नाही असा अजिबात नाही. बंद असलेल्या स्की केंद्राचंही तसंच. ओळखीचा उतार, वर लिफ्टचे खांब, म्हणून तो घरचा वाटतो. पण पथकाने तो अजून हाताळलेला नसतो, तोवर तो मोकळा डोंगरच समजायचा.

उतार तर छोटासाच आहे

छोटा उतार सुटून खाली सपाट, मोकळ्या मैदानात पसरत असेल तर माणूस कदाचित वर राहील. तोच उतार अरुंद नाळेत, ओढ्याच्या पात्रात किंवा कड्यावर संपत असेल तर थोडा बर्फही खोल गाडतो किंवा खाली फेकतो. हंगामाच्या सुरुवातीला खडक, ओंडके, झाडांचे बुंधे झाकलेले नसतात. कॅनडातल्या हिमस्खलन-मृत्यूंच्या एका अभ्यासात सुमारे तीन चतुर्थांश माणसं गुदमरून आणि सुमारे एक चतुर्थांश मार लागून गेल्याचं दिसलं. पातळ बर्फात हा मार आणखी जवळ असतो. घोट्याएवढ्या बर्फाने पाय ओढले तरी खालचे दगड तिथेच आहेत.

बीकन आहे, एअरबॅग आहे

बीकन, म्हणजे ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश पाठवणारा छोटा ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडं ही तिन्ही साधनं प्रत्येकाजवळ हवीतच. त्यांच्याशिवाय निघूच नये. पण ती कामाला येतात ती गाडलं गेल्यावर, आणि तेव्हा वेळ फार थोडा असतो. स्वित्झर्लंडमधल्या अनेक वर्षांच्या नोंदींवर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पूर्ण गाडलेल्यांपैकी पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेले ९० टक्क्यांहून अधिक लोक वाचतात. अर्ध्या तासाच्या सुमारास हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्यावर येतं. बचाव पथक १० मिनिटांत पोचत नाही. शोधणार आणि खणणार ते आपले सोबतीच. बीकन उन्हाळाभर कपाटात पडून असेल तर बॅटऱ्या बदलून, एकमेकांची साधनं लपवून शोधायचा सराव पहिल्या चढाईआधीच करायला हवा.

एअरबॅग, म्हणजे पाठीवरच्या पिशवीतली, मूठ ओढली की फुगणारी हवेची पिशवी, वाहत्या बर्फात माणसाला पृष्ठभागाजवळ ठेवायला मदत करते, कारण हलत्या कणांत मोठ्या आकाराच्या वस्तू वर येतात. पण त्यासाठी बर्फ काही अंतर वाहावा लागतो. छोट्या घळीत तेवढा वेळ मिळत नाही, आणि खडकापासून ती फारसं वाचवत नाही.

मग जायचंच नाही का?

जायचं, पण उतार निवडून. बर्फाबद्दलचं आपलं ज्ञान नेहमी अपुरं असतं, उताराचा कोन मात्र मोजता येतो. ३० अंशांपेक्षा कमी उतारावर, आणि वर किंवा बाजूला तीव्र उतार टांगलेला नसेल अशा जागी, स्लॅबचा धोका फार कमी होतो. कोनमापक फोनमध्ये असतो, उतारांचा कोन रंगांतून दाखवणारे नकाशे असतात. शंका असलेल्या दिवसांत सगळी सहल या मर्यादेत आखली, तर कच्च्या थराबद्दलचा अंदाज चुकला तरी सहसा जीव जात नाही.

वाटेत बर्फाशी बोलत राहायचं. स्कीइंगची काठी उलटी धरून मुठीकडून बर्फात खुपसा. आधी कठीण लागतं आणि मग ती एकदम जमिनीपर्यंत घुसते, तर खाली पोकळ आहे. ताजं हिमस्खलन, वूम्फ, पळणारी भेग, यातली एक जरी खूण दिसली तरी तीव्र उतारांचा विचार त्या दिवसापुरता सोडून द्यावा. मोठा हिमपात, जोराचा वारा आणि अचानक वाढलेली ऊब यांनंतरचे दिवसही तसेच. खड्ड्यातल्या चाचणीत 'हो, खाली कच्चा थर आहे' असं आलं तर ते खरं माना. 'नाही' आलं तर ते त्या एका खड्ड्यापुरतंच. धोक्याच्या जागेतून एकेकाने जायचं, बाकीच्यांनी सुरक्षित ठिकाणावरून नजर ठेवायची. आणि गटातल्या सर्वात नव्या माणसाला 'मला बरोबर वाटत नाही' म्हणता आलं पाहिजे, इतकी मोकळीक हवी.

हा थर कधी बरा होतो?

बर्फ जाड होत गेला की तळ आणि माथ्यामधला फरक विभागला जातो, कण हळूहळू पुन्हा एकमेकांना धरू लागतात. समुद्राजवळच्या, भरपूर बर्फाच्या पर्वतांत हे लवकर होतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोसारख्या थंड, कोरड्या, समुद्रापासून दूरच्या डोंगरांत बर्फ पातळ राहतो आणि तळचा कच्चा थर वसंतापर्यंत त्रास देऊ शकतो.

एकदा सुटलेल्या उतारावर तर लगेच विश्वास टाकू नये. स्लॅब निघून गेला तरी तळाशी पैलूदार कणांचा पातळ पापुद्रा पुष्कळदा उरतो. आता तिथला बर्फ आणखी पातळ झालेला असतो, म्हणून पुढच्या निरभ्र रात्रींत तो आणखी लवकर कच्चा होतो. नंतर वारा पुन्हा ती घळ भरतो आणि तोच उतार त्याच हिवाळ्यात दुसऱ्यांदा सुटतो. चढताना जुन्या हिमस्खलनाची तुटलेली कड दिसली, तर तो उतार मोकळा झाला असं न समजता तिथे किती बर्फ नव्याने साचला आहे ते आधी पाहावं.